ओझे चढवायचे की गाडी वाकवायची?

रस्त्याचे काम संपले की पोकलेन ट्रकवर चढवतात, ते आपण कधी ना कधी पाहिलेले असते. (पोकलेन हे खरे तर एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपल्याकडे ते यंत्राचेच नाव होऊन बसले.) अशाच एका दुपारी आम्हीही बघ्यांमध्ये उभे होतो. यंत्र रॅम्पवरून निम्मे वर आले आणि ट्रकचा मागचा भाग दबला. पुढची चाके चक्क जमिनीवरून उचलली गेली. चालकाने प्रसंगावधान राखून यंत्र मागे घेतले. मग ट्रकच्या मागच्या कडेखाली लाकडी ठोकळे रचले गेले आणि दुसऱ्या प्रयत्नात काम झाले.

असे का झाले? यंत्राचा भार प्रथम ट्रकच्या मागच्या कडेवर, म्हणजे मागच्या आसाच्याही मागे पडतो. आस हा टेकू आणि ट्रक ही तरफ. कडेखाली ठोकळे नसतील तर ट्रक पुढून उचलला जाणारच. त्यानंतरचा धोक्याचा क्षण माथ्यावर येतो. यंत्राचा गुरुत्वमध्य रॅम्पच्या वरच्या टोकापलीकडे गेला की यंत्र एकदम पुढे कलंडून ट्रकवर आदळते. ते जरा जरी तिरके असेल तर बाजूला उलटते, आणि चालक आतच असतो.

आता उतरणीचा हिशेब पाहू. ट्रकचा हौदा जमिनीपासून १.४ मीटर उंच आणि रॅम्प ४ मीटर लांब आहे असे धरू. २० टनांच्या यंत्राला उतरणीवरून खाली ओढणारा जोर ७ टन वजनाइतका होईल. हौद्याची उंची ०.९ मीटर केली तर तोच जोर साडेचार टनांवर येतो. यंत्र तेच, रॅम्पही तोच. फक्त गाडी खाली आली. अवजड ओझी गाडीवर चढवण्याच्या इतिहासात माणसाने जे शिकून घेतले, त्याचे सार एवढ्यात येते. गाडी खाली आणा आणि भार पसरा. यातली दुसरी गोष्ट मात्र पुष्कळदा ठेच लागल्यावरच कळली.

रशियात पीटर द ग्रेटच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी सुमारे १,२५० टनांची एक शिळा सेंट पीटर्सबर्गला न्यायची होती. हे काम मारिन कार्बुरी या ग्रीक अभियंत्याकडे होते. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर धातूचे पत्रे बसवलेल्या खोबणी अंथरून, त्यांत ब्राँझचे गोळे ठेवून शेकडो माणसांनी ती शिळा ओढत समुद्रापर्यंत आणली. खरी परीक्षा पुढे होती. १७७० साली शिळा तराफ्यावर चढवताना कार्बुरीने शिळा उचलली नाही. त्याने तराफ्यात पाणी भरून तो तळाला टेकवला आणि शिळा आडवीच आत सरकवली. पाणी उपसू लागल्यावर मात्र तराफ्याची दोन्ही टोके वर आली आणि शिळेखालचा मधला भाग तळालाच राहिला. तराफा वाकला. मग शिळेचा भार टोकांकडेही जाईल अशी तिरपी टेकणे बसवावी लागली. गाडी खाली आली होती, पण भार पसरलेला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न रस्त्यावर उभा राहिला. रणगाडा लांब अंतर स्वतःच्या पट्ट्यांवर चालवला तर पट्टे झिजतात आणि लढाईआधीच यंत्र निकामी होते. म्हणून १९४१ पासून अमेरिकेत बनलेल्या 'डायमंड टी ९८०' या वाहनांमागे २४ चाकांचे ट्रेलर जोडले जाऊ लागले. चाके लहान, म्हणून पाटा ठेंगणा. चाके अनेक, म्हणून भार विभागलेला. बंद पडलेला रणगाडा तारेने ओढून वर घ्यायला पुढच्या वाहनावर विंच होता.

चाकांच्या संख्येला इतके महत्त्व का, याचे आकडेवारीतून उत्तर अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचणीने दिले. एका आसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही. ती सुमारे दोनाच्या चौथ्या घाताइतकी, म्हणजे १६ पट होते. तोच भार दोन आसांवर वाटला तर रस्ता वाचतो.

पण आस वाढवले तरी एक अडचण उरते. रस्ता खडबडीत असेल तर उंचवट्यावरच्या आसावर जास्त भार येतो आणि खड्ड्यातला आस जवळजवळ मोकळाच राहतो. यावर पास्कलचा नियम उपयोगी पडला. आसांवरील दट्ट्यांच्या नळ्या तेलाच्या नळीने एकमेकींना जोडल्या की सर्वांत दाब सारखा राहतो आणि भार आपोआप वाटला जातो. शिवाय तेल कमीजास्त करून पाटा खाली-वर करता येतो. ओझे आधीच ठोकळ्यांवर ठेवायचे, ट्रेलर त्याच्याखाली सरकवायचा आणि पाटा वर उचलायचा. ना रॅम्प, ना क्रेन! उंट बसतो, पाठीवर सामान घेतो आणि मग उठतो, त्यातलाच हा प्रकार. असे ट्रेलर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले आणि १९८० च्या दशकात स्वतःच्या इंजिनावर चालणारे त्यांचे रूपही आले.

जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून सुमारे ७० टनांचे एक यंत्र अशाच अनेक चाकांच्या वाहनावर निघाले. ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात पोहोचायला जुलै २०२० उजाडला. अवजड ओझे म्हटले की आपल्याला ताकद आठवते. इथे मात्र संयमाचाच कस लागला.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. दोन पेन्सिली चाकांसारख्या आडव्या ठेवून त्यांवर पट्टी ठेवा. मागची पेन्सिल टोकापासून थोडी आत असू द्या. त्या टोकावर खोडरबर ठेवला की पट्टी उचलली जाते. टोकाखाली नेमक्या उंचीचा पुठ्ठा सरकवला की स्थिर राहते. पाण्याने भरलेल्या दोन सिरिंज नळीने जोडल्या की पास्कलचा नियमही हाताला जाणवतो. त्यानंतर रस्त्यावर पोकलेन चढताना दिसलाच, तर विद्यार्थ्यांना दूर उभे करून एकच प्रश्न विचारावा: यंत्र चढण्याआधी ट्रकच्या मागच्या कडेखाली कुणी ठोकळे ठेवले आहेत का?