वसईचा कोट आणि त्याच्या घंटा

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने मोगलांच्या धास्तीने तहनामा करून वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला आणि पुढील दोन शतकांत त्यांनी उल्हास खाडीच्या मुखाशी तट, बुरुज, भूदरवाजा व दर्यादरवाजा, शिवाय फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा एकेका पंथाचे मठ आणि चर्च उभारून जे नगर वसविले, ते त्यांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तटाखाली सुरुंग उडवून, मोठ्या प्राणहानीनंतर, ते सर केले.

विजेत्यांनी चर्चमधील घंटा उतरवून नेल्या. नाशिकला गोदातीरी नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची घंटा टांगलेली आहे, तर कृष्णाकाठी मेणवलीला १७०७ सालची, जिच्यावर मेरी व बालयेशू यांची आकृती आहे आणि जी तरीही शिवालयासमोर निःशंकपणे वाजत आली. पुरातत्त्वाची कल्पनाही नसलेल्या त्या माणसांनी लुटीतून जे राखले, ते सदिच्छेने काढलेल्या कित्येक सरकारी हुकमांनाही राखता आलेले नाही, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

अचल वास्तूंच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. मराठी अमलात कोटात नागेश्वर व वज्रेश्वरी यांची देवळे झाली, ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले; पण शेजारी मुंबईसारखे बंदर हाती असलेल्या इंग्रजांना या नगराचे प्रयोजन उरले नाही, आणि जिथे कोणी राहत नाही तिथल्या छपरांची डागडुजी कोण करणार? छपरे गेली, चुन्याच्या सांध्यांत वड-पिंपळ रुजले.

आज किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि २०१० च्या कायदादुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरले आहे. हे इष्टच, मात्र कायदा माणसाला अडवितो, मुळांना नव्हे, आणि भिंतीत शिरलेले मूळ काढताना चिरा ढळू नये यासाठी लागणारे कसबी हात व नियमित खर्चाची तरतूद कलमांतून निर्माण होत नाही. त्यातच परक्यांची वास्तू म्हणून आपण तिच्याविषयी उदासीन राहतो, जणू ती रचणारे गवंडी आणि पाथरवटही लिस्बनहूनच आले होते! कोटालगतच्या किल्लाबंदरचे कोळी मात्र पिढ्यान्‌पिढ्या कोटातल्याच वाटेने ये-जा करीत आले आहेत. जतनाची कोणतीही योजना आखताना पहिली विचारणा त्यांच्याकडे व्हावयास हवी.