दिव्याच्या काजळीची शाई

विद्येची साधने मोलाने विकत घ्यावयाची असतात, ही समजूत अलीकडची आहे. महाराष्ट्रात दौतीतील शाई शतकानुशतके घरच्या दिव्यापासून सिद्ध होत असे. तिची कृती अत्यंत साधी होती. तिळाच्या वा एरंडाच्या तेलाचा दिवा लावून त्यावर मातीचे परळ उपडे धरीत. परळास साचलेली काजळी पिसाने झाडून घेत आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती दीर्घकाळ खलीत. डिंकामुळे काजळी पाण्यात सारखी मिसळते व वाळल्यावर कागदास धरून राहते. खल जितका अधिक, तितकी शाई काळीभोर उतरे. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. म्हणून तिचा रंग उन्हाने उडत नाही. पाणी मात्र त्या अक्षरांचे वैरी होय.

लेखणी बोरूची, चाकूने तासली की झाली. कागद जुन्नर, दौलताबाद येथे हातांनी बनत असे. पण तो जपून वापरावा लागे. म्हणून पंतोजींच्या शाळेत मुलांचा पहिला धडा धूळपाटीवर होई. फळीवर बारीक धूळ पसरावी, बोटाने अक्षर गिरवावे आणि हात फिरवून पाटी पुन्हा कोरी करावी, अशी ही रीत होती.

साहित्य इतके स्वस्त असूनही विद्येचे द्वार सर्वांस मोकळे नव्हते. जात आणि दारिद्र्य यांनी असंख्य कष्टकरी अक्षरापासून दूर ठेवले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ३६ मजूर मॉरिशसला उतरले व गिरमिटाचे पर्व सुरू झाले. पुढे मुंबई बंदरातून त्या बेटावर कोकणपट्टीतील अनेक मराठी कुटुंबे गेली. गयाना, त्रिनिदाद, सुरीनाम, फिजी व नाताळ येथेही भारतीय मजूर पोहोचले. बहुतेकांना लिहिता येत नसल्याने करारावर नावाऐवजी निशाणीच उमटे. शाई होती, परंतु लेखणी दुसऱ्याच्या हाती होती.

याच काळात, १८५८ साली, बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई यांच्या हाताचा ठसा करारावर घेतला. करार रस्त्याच्या खडीचा होता, गिरमिटाचा नव्हे. तथापि बोटांच्या ठशांच्या शास्त्रास येथूनच चालना मिळाली. त्या ठशासाठी वापरलेली तेलकट शाईही घरगुतीच होती!

काजळीचा असाच एक पराक्रम एडिसन नगराच्या भूमीवर घडला आहे. थॉमस एडिसन यांनी १८७६ साली येथील मेन्लो पार्कमध्ये प्रयोगशाळा स्थापिली. दूरध्वनीत आवाज स्पष्ट उमटावा म्हणून त्यांना शुद्ध काजळी हवी होती. त्यासाठी एका लहानशा खोपटात रॉकेलचे दिवे मुद्दाम धूर धरतील असे जळत ठेवीत, काचांवरील काजळी खरवडून घेत आणि ती दाबून तिच्या चकत्या करीत. विजेच्या दिव्याने ज्यांचे नाव अमर केले, त्यांनी तेलाच्या दिव्याचा धूरही वाया जाऊ दिला नाही. १९५४ साली या नगरास त्यांचेच नाव देण्यात आले.

आज या नगरात राहणाऱ्या गिरमिटियांच्या वंशजांपुढे एक कर्तव्य आहे. मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जतन केल्या आहेत. मजुराचे नाव, गाव, जहाज यांच्या नोंदी तेथे सापडतात. पण त्या कारकुनांनी कानांवर पडले तसे लिहिलेल्या. घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेली नावे, नाती व कहाण्या कोणत्याही दफ्तरात नाहीत.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या वेळी दौतीची महाकाली म्हणून व लेखणीची सरस्वती म्हणून पूजा करण्याची आपली परंपरा आहे. त्या रात्रीच्या पणत्यांची काजळी वडिलांच्या देखरेखीखाली मुलांनी जमवावी, डिंकाच्या पाण्यात खलावी आणि त्या शाईने आपल्या कुळाची नावे वहीत स्वहस्ते लिहावीत. पूर्वजांनी जेथे केवळ निशाणी केली, तेथे त्यांचे पूर्ण नाव उमटावे, यापरते दुसरे तर्पण कोणते?