लशीच्या गुणाची पारख

वडगांव मावळचा तह आमच्या वाचकांस नवा नाहीं. जानेवारी १७७९ मध्यें तळेगांवाहून माघार घेणाऱ्या इंग्रज फौजेस मराठ्यांनीं वडगांवीं कोंडलें, आणि १७७३ पासून घेतलेला मुलूख परत देण्याचें व रघुनाथरावांस स्वाधीन करण्याचें लिहून घेतलें. परंतु मुंबईकरांस असा तह करण्याचा अधिकारच नव्हता, असें म्हणून कलकत्त्याच्या सरकारनें तो अमान्य केला. कागद अस्सल, पण त्याचा अंमल नाहीं! दस्तऐवजाचें अस्सलपण निराळें व त्याच्या अंगचें बळ निराळें, हा भेद येथें स्पष्ट दिसतो. लशीच्या बाबतींतहि तोच भेद आहे. कुपींत लस आहे एवढें ठरल्यानें ती रोग निवारील असें ठरत नाहीं. हा गुण कसकसा पारखला गेला, तें येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

१४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोंचली. हिंदुस्थानांत यशस्वी झालेली ही पहिली टोंचणी होय. तिच्या दंडावरील फोडांतून घेतलेली लस इतर मुलांस देण्यांत आली, आणि पुढें मुंबईहून घाटावर पुण्यास, तसेंच सुरत, हैदराबाद वगैरे ठिकाणीं तिचा प्रसार झाला. त्या काळीं पारख म्हणजे पुढल्या मुलाच्या दंडावर फोड उठतो कीं नाहीं, एवढीच. साक्षीदार माणूसच होता.

१८९६ मध्यें मुंबईंत प्लेग उद्भवला. हाफकीन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस सिद्ध केली, प्रथम सशांवर पाहिली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस टोंचून घेतली. १८९९ मध्यें त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसांत आली. १९२५ पासून त्या संस्थेस त्यांचें नांव आहे. माणसाआधीं जनावराची साक्ष घेण्याची रीत अशा प्रयोगशाळांतून रूढ झाली.

परंतु मोठा कसोटीचा प्रसंग आला तेव्हां ही साक्ष कामीं आली नाहीं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं १०७ माणसांस प्लेगची लस टोंचली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. ते सर्व ५३ एन या एकाच कुपींतून टोंचलेले होते. ठपका हाफकीन यांजवर आला व त्यांस काम सोडावें लागलें. १९०७ मध्यें त्यांजवरील दोष दूर झाला, तो कागदोपत्रीं पुराव्यानें. कुपी उघडतांना चिमटा जमिनीवर पडला व तो नीट शुद्ध न करतां वापरला, आणि त्याच दिवशीं इतर कुप्यांतून टोंचलेल्यांस बाधा झाली नाहीं, या गोष्टी नोंदींतून पुढें आल्या. कुपीवर आंकडा नसता तर निर्दोष माणूस कायमचा दोषी ठरता.

पुढील काळांतील रेबीजच्या लशीचें उदाहरण घेऊं. तिची रूढ कसोटी अशी : उंदरांस निरनिराळ्या प्रमाणांत लस द्यावी, चौदाव्या दिवशीं त्यांच्या मेंदूंत रोगाचें विष घालावें, आणि आणखी चौदा दिवस किती जगतात तें मोजावें. यांत असंख्य जीव हाल होऊन मरतात. शिवाय उत्तरहि ढोबळच. अंदाजाच्या पावपटीपासून चौपटीपर्यंतचा फरक नियमांत मान्य धरलेला आहे. म्हणून आतां विषाणूच्या पृष्ठावरील जी-प्रथिन कांचपात्रांत प्रतिपिंडांच्या साह्यानें मोजण्याची एलायझा नांवाची रीत पुढें आली आहे. काविळीवरील हिपॅटायटिस बी लशीस अशी मोजणी पूर्वींच मान्य झाली. गोंवराच्या जिवंत लशीचें मोजमाप पोसलेल्या पेशींवर करितात.

येथें वडगांवचा आक्षेप पुन्हा उभा राहतो. प्रथिन आहे, पण त्यास गुण आहे काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि तज्ज्ञांनीं त्याचें उत्तर शोधिलें आहे. मोजणीस असेच प्रतिपिंड निवडावयाचे कीं जे अखंड प्रथिनासच धरतील, बिघडलेल्यास सोडतील. आणि कसोटी शेवटच्या कुपीवर एकदांच न घेतां, तयारीच्या प्रत्येक पायरीची नोंद ठेवून, नवा घाणा पूर्वींच्या गुणसिद्ध घाण्यांशीं ताडून पाहावयाचा. मोडी कागद पारखतांना आपण हेंच करितों. केवळ शिक्का न पाहतां हस्ताक्षर, मिती, मोर्तब व समकालीन कागद यांशीं मेळ घालतों.

तात्पर्य, जनावराची साक्ष जसजशी मागें पडेल, तसतसा कागदाचा भार वाढेल. म्हणून आमची विनंती अशी कीं, टोंचणीचीं पुस्तकें, घाण्यांच्या वह्या, कुप्यांवरील चिठ्ठ्या जुन्या दप्तरांत आढळल्यास रद्दींत जाऊं देऊं नयेत. सनदांइतकेच तेहि पुरावे आहेत. त्यांतील एका आंकड्यानें माणसाची अब्रू वांचली आहे.