रिचर्ड थॉम्पसनची गिटार

पाश्चात्त्य संगीतातला मुसलमान म्हटलं की आपल्याला कॅट स्टीव्हन्स, म्हणजे युसूफ इस्लाम आठवतो. १९७७ साली त्याने इस्लाम स्वीकारला, गिटारींचा लिलाव करून पैसे धर्मादायाला दिले आणि पॉप संगीतात परतायला त्याला २००६ साल उजाडलं. गिटार की दीन, एवढाच प्रश्न त्या कथेतून आपल्या हाती लागतो. त्याच्याही काही वर्षं आधी मुसलमान झालेल्या रिचर्ड थॉम्पसनची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

थॉम्पसन १९४९चा, लंडनचा. वडील मूळचे स्कॉटलंडचे, स्कॉटलंड यार्डात डिटेक्टिव्ह आणि हौशी गिटारवादक. १९६७ साली ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ हा बँड निघाला, तेव्हा हा मुलगा अठरा वर्षांचा होता. त्या काळी इंग्लंडमधला जो तो गिटारवादक अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या ब्लूजच्या मागे लागलेला. थॉम्पसनने ती वाट टाळली. त्याच्या कानात घरातले स्कॉटिश नाचाचे सूर होते, बॅगपाइप होता.

बॅगपाइपमध्ये एक सूर खाली अखंड वाजत राहतो, आपल्या तंबोऱ्यासारखा, आणि वर चाल फिरते. हे त्याने गिटारवर आणलं. अंगठा आणि तर्जनीत पिक धरून तो खालच्या सुरांच्या तारा छेडतो आणि मोकळ्या राहिलेल्या मधल्या बोटाने व अनामिकेने वरच्या तारा. त्यामुळे एकटाच वाजवत असला तरी दोघं बसलेत असं वाटतं. तार खेचून तो सूर असा वळवतो की आपल्या कानाला मींड आठवावी. १९६९च्या ‘अ सेलर्स लाइफ’मध्ये अकरा मिनिटं हे ऐकता येतं, जुनं नावाड्यांचं लोकगीत, इलेक्ट्रिक गिटार आणि डेव्ह स्वारब्रिकचं फिडल.

त्याच वर्षी मे महिन्यात बर्मिंगहॅमहून परतताना बँडची गाडी महामार्गावर उलटली. एकोणीस वर्षांचा ड्रमर मार्टिन लँबल गेला, थॉम्पसनची मैत्रीणही गेली. थॉम्पसन स्वतः वीस वर्षांचा. वाचलेल्यांनी त्याच वर्षाअखेर ‘लीज अँड लीफ’ काढला. इंग्लिश फोक-रॉकचा पाया म्हणतात तो हाच अल्बम. १९७१मध्ये त्याने बँड सोडला, पुढे गायिका लिंडा पीटर्सशी लग्न केलं, आणि १९७४च्या सुमारास दोघंही लंडनमधल्या सूफी जमातीत आले. सिलसिला मोरोक्कोचा, दर्कावी. शेख मात्र स्कॉटिश, अब्दुलकादिर अस-सूफी.

१९७५च्या ‘पोर डाउन लाइक सिल्व्हर’च्या मुखपृष्ठावर थॉम्पसन फेट्यात दिसतो. त्यातली गाणी माणसावरच्या प्रेमाची की अल्लाहवरच्या, हे ठरवणं कठीण. उर्दू गझल ऐकणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही; इश्क-ए-मजाजी आणि इश्क-ए-हकीकीचा हा जुनाच खेळ. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मुसलमान झाल्यावर याने अरबी चाली उचलल्या नाहीत. ‘नाइट कम्स इन’ हे गाणं सूफी अनुभवाचं, पण गिटार त्याच स्कॉटिश मातीची. ज्यांना ‘तुम्ही मुसलमान, मग मराठी इतकं चांगलं कसं?’ असं विचारलं जातं, त्यांना यातली गंमत लगेच कळेल. शाहीर अमर शेखांच्या डफाला तरी कुणी कुठे त्याचा मजहब विचारला होता!

पण जमातीत इलेक्ट्रिक गिटारबद्दल नाराजी होती. थॉम्पसनने ती खाली ठेवली आणि कुटुंबासह पूर्व इंग्लंडमधल्या वस्तीत राहायला गेला. ऐन पंचविशीतला, हात तयार असलेला वादक गप्प बसतो, याची किंमत ज्याने वाद्य हाती धरलंय त्यालाच समजेल. ती श्रद्धेची कसोटी होती की फुकट गेलेला काळ? माझं मन दुसरीकडे झुकतं, कारण परतल्यावर त्याला दोन्हीपैकी काहीच टाकावं लागलं नाही. १९७८ला ‘फर्स्ट लाइट’ आला. १९८२च्या ‘शूट आउट द लाइट्स’मध्ये संसार मोडत असताना वाजवलेली गिटार अंगावर येते. लिंडाशी फारकत झाली, तो अमेरिकेत गेला, दीन सुटला नाही.

१९९१चं ‘१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग’ ऐका. एक मोटारसायकल, एक चोर, एक मुलगी आणि सोबतीला एकच अकूस्टिक गिटार. खालची तार उतरवून लावलेली आहे, अंगठा धावतोय, आणि खाली तो बॅगपाइपचा सूर अजून चालूच आहे.