देवळालीच्या वाटेवरचा उतार: घाट, ब्रेक आणि इंधन

१/ इंग्रजी बोलीत 'डुलॅली' असा एक शब्द आहे. डोके ठिकाणावर नसलेल्या माणसाला उद्देशून तो वापरतात. तो आला नाशिकजवळच्या देवळालीवरून. १८६१ पासून येथे ब्रिटिश फौजेची छावणी होती. मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे थांबत. जहाजे साधारणपणे थंडीच्या हंगामातच सुटत. उन्हाळ्यात मुदत संपलेल्यांना महिनोन्‌महिने रिकामे बसावे लागे आणि काहींचे चित्त त्यात ढळे. त्या अवस्थेला 'डुलॅली टॅप' म्हणत. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'.

२/ सैनिक मुंबई बंदरात उतरत आणि छावणी होती घाटमाथ्यावर. मध्ये सह्याद्रीचा कडा होता. ज्या उंचीमुळे देवळालीची हवा फौजेला मानवली, तीच उंची चढणे आणि उतरणे ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाहनाची परीक्षा ठरली. हा थळ घाट, आजच्या बोलण्यातला कसारा घाट. गाडी सुरक्षित कशी चालवावी आणि इंधन कसे वाचवावे, हे दोन प्रश्न आज वेगवेगळे समजले जातात. या घाटाच्या इतिहासात मात्र ते एकाच उतारावर भेटतात.

३/ ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने थळ घाटातून गाडी वर नेली ती १८६५ मध्ये. आखणी मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांची. काम पुरे होण्याआधीच, १८६२ मध्ये, त्यांचे निधन झाले. सुमारे १५ किलोमीटरच्या अंतरात लोहमार्ग जवळपास ३०० मीटर चढतो. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे १ फूट. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवेल न जाणवेल एवढा. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असलेल्या शेकडो टनांच्या गाडीसाठी तो फार मोठा आहे.

४/ चढण्यासाठी जादा इंजिन लावता येते. कसाऱ्याला गाडीच्या मागे 'बँकर' इंजिने जोडण्याची पद्धत त्यातूनच आली. खरा प्रश्न उतरण्याचा होता. त्या काळी संपूर्ण गाडीला एकत्र लागणारे ब्रेक नव्हते. इंजिनावर आणि ठरावीक डब्यांत हाताने आवळायचे ब्रेक असत आणि शिट्टीच्या इशाऱ्यावर माणसे ते फिरवत. एकदा वेग हाताबाहेर गेला की तो पुन्हा आवरणे जवळजवळ अशक्य असे.

५/ यावर घाटात जो उपाय योजला गेला, तो आजही समजून घेण्यासारखा आहे. त्याचे नाव 'कॅच साइडिंग'. मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा हा आडमार्ग. सांधा नेहमी या आडमार्गाकडेच वळवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून आपण ताब्यात आहोत हे दाखवायचे. मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. जी गाडी थांबू शकली नाही, ती आपोआप चढावर जाऊन मंदावते. गाडी बेकाबू असू शकते हे येथे गृहीत धरलेले आहे. ब्रेक ठीक आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी गाडीवर आहे.

६/ लोहमार्गाच्या शेजारून मुंबई-आग्रा रस्ता जातो. मोटारी येण्यापूर्वी त्यावर बैलगाड्या आणि टांगे चालत. गाडीवानाला देखभाल शिकवावी लागत नसे. आसाला वंगण नसेल तर चाक कुरकुरे, बैल लवकर थके आणि आस तापे. खीळ सैल असेल तर उतारावर चाकच निखळे. जे दुर्लक्ष बैलाची शक्ती वाया घालवी, तेच जिवावर बेते. हे नाते गाडीवानाच्या अंगवळणी पडलेले होते.

७/ मुंबईच्या रस्त्यावर मोटार दिसू लागली १८९८ च्या सुमारास. १९१४ मध्ये देशभरासाठी मोटार वाहन कायदा झाला, १९३९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि सध्याचा कायदा १९८८ चा आहे. घाटाची आठवण या नियमांतही उरली आहे. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्याला वाट द्यावी, असा नियम आहे. त्यामागचे कारण साधे आहे: भरलेली गाडी ऐन चढावर थांबली, तर ती पुन्हा हलवणे अवघड आणि ती मागे घसरण्याचा धोका मोठा.

८/ देवळालीसारख्या छावण्यांनी मोटारीच्या देखभालीला शिस्त दिली. ब्रिटिश लष्कराकडून भारतीय लष्कराकडे आलेल्या पद्धतीत वाहनाच्या रोज तीन 'परेड' असतात. निघण्यापूर्वी 'फर्स्ट परेड': तेल, पाणी, टायरची हवा, दिवे, ब्रेक. वाटेत थांबल्यावर 'हॉल्ट परेड': गाडीखाली काही गळते आहे का, चाके व टायर अवाजवी तापले आहेत का, सामान सरकले आहे का. मुक्कामी पोहोचल्यावर 'लास्ट परेड': इंधन भरणे, साफसफाई, दिवसभरात जाणवलेल्या दोषांची नोंद. ही तपासणी कारागिराने नव्हे, चालकानेच करायची असते. सैनिकाची परेड चुकत नाही, तशी वाहनाचीही चुकू नये, हा त्या नावामागचा भाव.

९/ दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई सामान्य माणसापर्यंत पोहोचली. पेट्रोलवर रेशन आले. अनेक बसगाड्यांना मागे कोळशाची भट्टी बसवण्यात आली. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या वायूवर इंजिन चाले. शक्ती कमी मिळे, चढावर दम लागे आणि राखेची साफसफाई रोजची. पेट्रोलचा थेंबन्‌थेंब मोजण्याची सवय अशा काळात मुरली. १९७३ च्या तेलसंकटाने ती पुन्हा जागी केली. १९७८ मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन केली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने गाडी सर्वांत कमी इंधन खाते, हा तिचा प्रचार एका संपूर्ण पिढीच्या कानावर पडला.

१०/ याच काटकसरीतून एक घातक सवयही रुजली: उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनच बंद करायचे. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यामागे थोडा हिशेब होता. इंजिन फिरत राहिले की ते पेट्रोल ओढत राही, मग चालकाने पाय उचललेला असो वा नसो. पण त्या बचतीची किंमत मोठी होती. गिअर काढला की इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद केले, तर ब्रेकला मदत करणारी निर्वात-शक्ती एक-दोन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते.

११/ ब्रेकवर किती भार येतो, याचा हिशेब मांडता येतो. १२०० किलो वजनाची मोटार ३०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. १० लिटर थंड पाणी उकळायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते. ती सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये उतरली, तर पॅड तापून त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुने असेल तर धोका वाढतो. ते हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे कमी तापमानाला उकळते, वाफ धरते आणि पेडल पोकळ लागते. म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक याच उष्णतेवरचा उपाय आहे.

१२/ पुढचा बदल घडवण्यात नाशिकचाही वाटा आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पूर्वी 'मायको' नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'बॉश'च्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर अनेक दशके बनत आले आहेत. संगणक-नियंत्रित इंजेक्शन आले आणि जुना हिशेब उलटला. आजची गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद होतो. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. म्हणजे आज घाटात न्यूट्रल करणारा चालक धोका पत्करून वर इंधनही जास्त जाळतो. यंत्र बदलले, सवय मात्र तीच राहिली.

१३/ धुराबाबतही असेच घडले. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आली. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी आली. ती काजळी जाळून टाकण्यासाठी गाळणी पुरेशी तापावी लागते. जी गाडी केवळ कॅम्पातून बाजारापर्यंत आणि परत एवढीच फिरते, तिची गाळणी तुंबू शकते. काही दिवसांआड मोकळ्या रस्त्यावर सलग वेगाने चालवणे हा अशा गाडीच्या देखभालीचाच भाग होय. गाडीच्या पुस्तिकेतली ही सूचना वाचायची राहून जाते.

१४/ ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. जवळपास ८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याने मोटारींना कसारा घाट टाळण्याची सोय दिली. धोका त्याने संपला नाही, त्याचे रूप बदलले. सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना हवा कमी असलेला टायर सतत वाकतो, आतून तापतो आणि फुटू शकतो. म्हणूनच या महामार्गावर प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम परिवहन विभागाला हाती घ्यावी लागली. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली, की तो कायद्याने बाद ठरतो. आणि ज्या टायरमध्ये हवा कमी आहे, तोच इंधनही जास्त खातो. गाडीवानाच्या वंगणाची गोष्ट येथे रबरात पुन्हा दिसते.

१५/ गाडीची रचनाही सुधारली. महिंद्रच्या नाशिक कारखान्यात बनणाऱ्या एक्सयूव्ही ३०० ला जानेवारी २०२० मध्ये 'ग्लोबल एनकॅप'च्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशाची स्वतःची चाचणी सुरू झाली. मात्र असे तारे पट्टा बांधलेल्या पुतळ्यांवर ठरतात. एअरबॅगही पट्टा बांधलेल्या शरीरासाठीच आखलेली असते. तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्व्होचे अभियंते निल्स बोलिन यांनी आणला. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी मागच्या आसनावरचा पट्टा अनेक घरांत आसनाखालीच दडपलेला असतो.

१६/ घाटातील उताराची ऊर्जा आता वाया जाऊ न देण्याचे तंत्रही आले आहे. आजची थ्री-फेज विद्युत इंजिने उतरताना मोटारीचे जनित्र करतात आणि वीज तारेत परत पाठवतात. विजेवरच्या मोटारीही तेच करून बॅटरी भरतात. वर हिशेब केलेले ३५ लाख ज्यूल म्हणजे जवळपास एक युनिट वीज. त्यातला काही भाग परत मिळतो आणि ब्रेकही थंड राहतात. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली; त्याच मार्गावर, त्याच तारखेला, २०२२ मध्ये एसटीची विजेवरची 'शिवाई' धावली. एक खबरदारी मात्र येथेही लागते. माथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर परत आलेली वीज ठेवायला जागा उरत नाही आणि भार पुन्हा ब्रेकवर येतो.

१७/ आजच्या मालकासाठी तीन परेड अशा मांडता येतील. निघण्यापूर्वी: थंड टायरची हवा दारावर लिहिलेल्या आकड्याइतकी, दिवे, इंजिन ऑइल, कूलंट, पेडलचा कडकपणा, सर्वांचे पट्टे. वाटेत: घोटी-इगतपुरीला चहासाठी थांबल्यावर गाडीभोवती एक फेरी, खाली गळती, टायरमध्ये रुतलेला खिळा, जळका वास. घरी: जाणवलेला आवाज किंवा खेच लिहून ठेवणे आणि पुढच्या प्रवासाआधी दुरुस्त करणे. पीयूसीची तारीखही त्याच वहीत. एवढ्याला रोज पाच मिनिटे पुरतात.

१८/ कॅच साइडिंगपाशी पूर्वी प्रत्येक गाडीला थांबून आपला ताबा सिद्ध करावा लागे. रस्त्यावरच्या मोटारीला तसे कोणी थांबवत नाही. कसाऱ्याचा उतार सुरू होण्याआधी, इगतपुरी मागे पडताच, गिअर खाली घेऊन पेडल एकदा दाबून पाहावे. ब्रेक लागत नसतील, तर ते कळण्याची योग्य जागा तीच. तेथे रस्ता अजून सपाट असतो.