हृदयाची तपासणी सांगितली आहे? भीती मनात ठेवू नका, विचारा

"डॉक्टर, माले भ्याव वाटस." टूडी इको किंवा अँजिओग्राफी करून घ्या असं सांगितलं की हे वाक्य मला हमखास ऐकू येतं. काही जण तेवढंही बोलत नाहीत. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतात, "पाहू" म्हणतात आणि महिना-दोन महिने परत येत नाहीत.

काही वर्षांपूर्वी रावेरकडचे एक केळी उत्पादक शेतकरी माझ्याकडे आले होते. भरभर चाललं की छातीत दडपण यायचं, थांबलं की जायचं. मी अँजिओग्राफी सांगितली. केळीची कापणी आटोपली की जातो, असं ते म्हणाले. कापणी आटोपायच्या आतच त्यांना झटका आला. ते वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला. नंतर कळलं, अडचण कापणीची नव्हतीच. "हृदयात तार घालतात, त्यातून माणूस उठत नाही," असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी तपासणी लिहून दिली, पण "भीती कशाची वाटते?" हे विचारलं नाही. ती चूक माझी. म्हणून हा लेख.

आधी हे ओळखा: तपासणी कोणती आहे?

चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलं आहे ते वाचून घ्या. टूडी इको, सीटी अँजिओग्राफी आणि नेहमीची म्हणजे कॅथलॅबमधली अँजिओग्राफी या तीन अगदी वेगळ्या तपासण्या आहेत. शेजाऱ्याची झाली तीच तुमची असेल, असं नाही.

टूडी इको: सुई नाही, क्ष-किरण नाहीत

ही हृदयाची सोनोग्राफी आहे. गर्भवतीच्या पोटाची करतात तशीच, ध्वनिलहरींवर चालणारी. डाव्या कुशीवर झोपवून छातीला थंड जेल लावतात आणि छोटं यंत्र फिरवतात. बरगड्यांमध्ये थोडं दाबल्यासारखं वाटतं. मध्येच "फस्‌ फस्‌" असा आवाज येतो. तो तुमच्या रक्तप्रवाहाचा असतो, बिघाडाचा नव्हे. वीस ते तीस मिनिटांत काम होतं. साध्या इकोसाठी सहसा उपाशी राहावं लागत नाही. महिलांनी पुढून उघडणारे कपडे घालावेत. सोबत महिला कर्मचारी हवी असेल तर निःसंकोच सांगावं.

रिपोर्ट हातात आल्यावर एक भीती हमखास वाटते. त्यात 'ईएफ 60 टक्के' असं लिहिलेलं असतं आणि घरचे घाबरतात, "म्हणजे चाळीस टक्के हृदय बंद पडलं!" तसं नाही. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं, तो हा आकडा आहे. निरोगी हृदयही शंभर टक्के रक्त बाहेर टाकत नाही. साधारण 55 ते 70 हा आकडा चांगला मानतात. मात्र इको चांगला आला म्हणजे रक्तवाहिन्यांत अडथळा नाहीच, असंही नाही. म्हणून कधी कधी पुढची तपासणी लागते.

सीटी अँजिओग्राफी: बोगदा नव्हे, मोठं कडं

बंद जागेची भीती असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: सीटीचं यंत्र म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं असलेलं रुंद कडं. हाताच्या शिरेत सुई लावून एक औषध सोडतात, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. ते सोडल्यावर अंगभर गरम लाट येते, तोंडात धातूची चव येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. लघवी झालेली नसते. हे सगळं मिनिटभरात ओसरतं. आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही.

फोटो स्पष्ट येण्यासाठी नाडी संथ लागते, म्हणून आधी गोळी देतात. काही सेकंद श्वास रोखायला सांगतात. घरी दोन-तीनदा सराव करून जा. आदल्या दिवसापासून चहा, कॉफी टाळायला सांगतात. त्या दिवशी बिडी, तंबाखू, गुटखा तर नकोच.

किरणांचं काय? आधुनिक यंत्रावर मिळणारी मात्रा सहसा आपल्याला एक-दोन वर्षांत निसर्गातूनच मिळते तेवढी असते. गरज असताना केलेल्या तपासणीचा फायदा त्याहून मोठा आहे. गर्भधारणेची शक्यता असेल तर मात्र आधीच सांगा.

कॅथलॅबमधली अँजिओग्राफी: सर्वांत जास्त भीती हिचीच

हे ऑपरेशन नाही. छाती उघडत नाहीत. मनगटाजवळ, कधी जांघेत, जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. तेवढंच टोचतं. तिथून शेवईसारखी बारीक, लवचीक नळी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडापर्यंत नेतात. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला वेदना जाणवत नाही, त्यामुळे नळी सरकलेली बहुधा कळतही नाही. तुम्ही जागे असता, डॉक्टरांशी बोलू शकता. फोटो काढायला बहुधा अर्धा तास पुरतो.

1929 मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत घातली आणि तसाच चालत एक्स-रे काढायला गेला. त्या कामासाठी त्याला 1956 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. आज हेच तंत्र जगभर रोज वापरलं जातं.

धोका शून्य आहे का? नाही. मनगटाशी काळंनिळं होणं, थोडी सूज येणं हे अधूनमधून होतं. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांत गंभीर गुंतागुंत हजारात एक-दोन जणांना होते. अडथळा असूनही तपासणी टाळली, तर धोका सहसा याहून मोठा असतो.

नातेवाइकांसाठी एक सूचना. तपासणी चालू असताना दार उघडतं, "ब्लॉकेज आहे, आत्ताच स्टेंट टाकायचा का?" असं विचारतात आणि घरचे गोंधळतात. म्हणून आदल्या दिवशीच डॉक्टरांशी बोला: अडथळा निघाला तर त्याच वेळी अँजिओप्लास्टी करायची की नंतर, खर्च किती, सही कोण करणार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

जाण्याआधी हे नक्की सांगा

- पूर्वी कॉन्ट्रास्टची किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी झाली होती का; दमा किंवा थायरॉईडचा त्रास आहे का.
- मूत्रपिंडाचा आजार आहे का. क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.
- मधुमेहाची औषधं. उपाशीपोटी इन्सुलिन किंवा गोळ्या घ्यायच्या का, मेटफॉर्मिन थांबवायची का, हे विचारून घ्या.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. यासुद्धा मनाने बंद करू नका.
- लैंगिक शक्तीसाठी घेतलेली गोळी. लाज वाटली तरी सांगा. सीटीआधी जिभेखाली देतात त्या औषधासोबत तिने रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. चोपड्याहून किंवा साक्रीहून एसटीने येता येता शरीरातलं पाणी कमी होतं आणि अशा वेळी कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडाला जड जाऊ शकतं. आदल्या दिवशी पुरेसं पाणी प्या, त्या दिवशी पाणी कधीपर्यंत चालेल ते विचारा. उपवासाच्या दिवशी तारीख घेऊ नका. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून घ्या.

मंगळसूत्राचाही प्रश्न येतो. इकोच्या वेळी ते बहुधा बाजूला सरकवून भागतं. सीटीच्या वेळी मात्र छातीवरचा धातू फोटो बिघडवतो, म्हणून काढावं लागतं. मन मानत नसेल तर तेवढ्या वेळेपुरता साधा काळा दोरा बांधा. दागिने घरी किंवा सोबतच्या माणसाकडे ठेवा.

तारखेची वाट कधी पाहू नये?

बसल्या जागी छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, दम लागणं यांपैकी काही झालं आणि ते थांबत नसेल, तर तपासणीची तारीख विसरा. 108 ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात जा. "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नका. मधुमेही रुग्णांत दुखणं कमी आणि दम किंवा थकवा जास्त, असंही होतं.

भीती वाटणं कमीपणाचं नाही. तुमच्या मनातले प्रश्न कागदावर लिहा, घरातल्या एका माणसाला सोबत घ्या आणि ते प्रश्न डॉक्टरांना विचारा. चिठ्ठी मात्र खिशात घडी करून ठेवू नका.

*हा लेख माहितीसाठी आहे. औषधं आणि तपासणीचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*