वाटीभर जठर आणि वरकस धान्य

आपल्याकडे अन्नाचा इतिहास बहुधा मेजवान्यांचा असतो, नाहीतर दुष्काळांचा. ताटात अन्न असताना आयुष्यभर थोडेच जेवायचे, ही अवस्था या दोहोंत बसत नाही. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेने ती निर्माण केली. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी जठराच्या बायपासचा प्रयोग केला. पुढे रूढ झालेल्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरलेल्या जठरात आरंभी शंभर-दीडशे मिलिलिटर, म्हणजे एक वाटीभर अन्न मावते.

वाटी हे माप मराठी वाचकाला परके नाही. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'त (१९७०) पाककृती वाटी-चमच्याच्या मापानेच येतात. मात्र तेथे वाटी रांधणारीच्या हातातली आहे. येथे ती जेवणाऱ्याच्या पोटाची सीमा झाली आहे. तेव्हा या वाटीत काय घालावे, हा प्रश्न पाकशास्त्राइतकाच इतिहासाचाही ठरतो.

महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर त्याचे एक उत्तर पूर्वीपासून पिकत आले आहे. सावित्रीकाठच्या खाचरांत भात, तर वरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी आणि हरीक. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल आणि कुळीथ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूल माणसाच्या आहाराचा विचार आहे. तेथे सांगितलेल्या धान्यांत कोद्रव आणि कुलत्थ आहेत. कोद्रव म्हणजे आपला हरीक, कुलत्थ म्हणजे कुळीथ. त्याच परंपरेत शोधनानंतर पेया, विलेपी, यूष असा पातळाकडून घट्टाकडे जाणारा क्रम आहे. आजचा शस्त्रक्रियोत्तर आहारही द्रव, मऊ, घन अशाच पायऱ्यांनी चढतो. या साम्यावरून प्राचीनांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे मात्र चूक होईल. तेथे चिंता अग्नीची होती. येथे ती टाक्यांची आणि प्रथिनांची आहे.

हा भेद स्वयंपाकघरात महत्त्वाचा ठरतो. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पण प्रथिने जेमतेम सात ग्रॅम. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साठ ग्रॅम किंवा अधिक प्रथिने लागतात. म्हणून वाटीवर पहिला हक्क कुळथाच्या कढणाचा, अंड्याचा, मासळीचा, दह्याचा. नाचणीचे गाळलेले सत्त्व त्यानंतर. कोरडी भाकरी आरंभी घशाखाली उतरणार नाही. गूळ घातलेली खीर बायपास झालेल्याला घाम आणि घेरी आणू शकते. घास सावकाश चावायचा, जेवताना पाणी प्यायचे नाही, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. केवळ परंपरेच्या बळावर ही उणीव भरून निघत नाही.

पण खरी अडचण पोषणाच्या कोष्टकाबाहेर आहे. डोंगरवाडीत भात ही बरकत होती आणि नाचणी ही नड. मुंबईच्या गिरणीतून आलेल्या मनिऑर्डरीने जेव्हा घरात तांदूळ आणला, तेव्हा नाचणी मागे पडली ती केवळ चवीमुळे नव्हे. अन्न आणि प्रतिष्ठा यांचे नाते महाडला वेगळे सांगावे लागत नाही. मार्च १९२७ च्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले. त्यानंतर झालेल्या हल्ल्यात मंडपातले अन्नही मातीत मिळवण्यात आले. काय खावे, हा तेथे माणूसपणाचा प्रश्न होता.

म्हणून आहाराच्या छापील कागदावर 'नाचणी' हा शब्द वाचताना एखाद्या वृद्धेला आपल्या सुटकेचा मार्ग उलटा फिरल्यासारखे वाटले, तर ते अज्ञान समजू नये. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले; नाचणीची बिस्किटे शहरी दुकानांत चढ्या दराने विकली जातात. या नव्या मानात ते धान्य उतारावर पिकवणारीचा वाटा किती, हे विचारल्याशिवाय आरोग्याचा उपदेश अपुरा राहतो. लादलेली अर्धी वाटी आणि स्वतः निवडलेली अर्धी वाटी मापाने सारखीच भरते. त्यांतला फरक कोष्टक दाखवत नाही. तो इतिहास दाखवतो.